घासलेल्या कडा

चिरंजीवांनी बेचाळीस वर्षांत स्वतःचं ताट कधी विसळलं नव्हतं, आणि परवा भरदुपारी हेच चिरंजीव ऑफिसला दांडी मारून, न्हाणीघराचं दार लोटून, स्टुलावर बसून मोटरसायकलचं मागचं चाक मांडीशी धरून घासत होते. आईला आधी वाटलं, धुतोय. आज सूर्य कुठून उगवला कोण जाणे. मग आवाज कानात शिरला. पाण्याचा नव्हता, ब्रशाचाही नव्हता. कोरडा, दातांत शिरणारा, दार फुगलं की सुतार काढतो तसला खर्र खर्र. तिनं दार ढकललं. त्याच्या हातात काचपेपर होता. टायरच्या मधल्या पट्ट्याला तो हात लावत नव्हता. दोन्ही बाजूंच्या कडा, जिथलं रबर नव्या बुटासारखं चकचकीत होतं, तेवढ्याच घासत होता, आणि लहानपणी चोरून साखर खाताना दाराकडे पाठ करून बसायचा तसाच बसला होता. "हे काय चाललंय?" "घाण काढतोय." "घाण मधे आहे. तू कडेला शोधतोयस." तो म्हणाला, "तुला नाही कळायचं त्यातलं, आई," आणि चाक असं वळवलं की घासलेली बाजू भिंतीकडे गेली.

तुला नाही कळायचं. हे वाक्य तिच्या लग्नात आहेर म्हणूनच आलं होतं. नवरा असेपर्यंत नवरा म्हणायचा, मग बँकेतला साहेब म्हणाला, आता सून म्हणते, पण ती शिकलेली असल्यामुळे गोड आवाजात म्हणते. दोन इयत्ता झाल्या आणि शाळा सुटली हे खरं. अजूनही पेपरातली ओळ बोटाखाली धरल्याशिवाय हलत नाही. पण रस्त्याच्या कोपऱ्यावर, दोन जिन्यांच्या मधल्या खोलीत, तीन मशिनं टाकून ती लोकांचे कपडे लहान-मोठे करत आली होती, आणि कपडा काही बोटाखाली धरून वाचावा लागत नाही. घासून विटवलेल्या जीन्सच्या पँटी तिच्याकडे ढिगानं यायच्या. कारखान्यात यंत्राखाली धरून गुडघे पांढरे करतात म्हणे. पोरं त्या घालून असं चालतात जशी काही आयुष्यभर दगड फोडून आलीत. तिला एका नजरेत कळायचं. अंगावर झिजलेला कपडा जिथं माणूस वाकतो तिथं झिजतो, वेडावाकडा, कुठं जास्त कुठं कमी. घासलेला सगळीकडे सारखा झिजतो. आणि टायरच्या कडांचं म्हणाल तर ते तिला याच पोरानं शिकवलं होतं. महिन्यातून एका रविवारी ट्रॅकवर मोटरसायकल पळवायला जायला लागल्यापासून, गेली दोन वर्षं, जेवताना दुसरा विषय नव्हता. सपाट रस्त्यावर मोटरसायकल टायरच्या मधल्या भागावर चालते, आई. ट्रॅकवर वळणाला ती इतकी झुकवायची की टायरची कड जमिनीला लागली पाहिजे. जितकी छाती, तितकी कड झिजते. भित्र्याच्या टायरची कड कोरी राहते. तिकडे लोक तोंड नंतर बघतात, आधी टायर बघतात. हे सगळं त्यानं हातातली पोळी तिरपी करून, डोळे मोठे करून सांगितलं होतं, आणि तिनं ऐकलं होतं, कारण विमा कंपनीत लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघत बसणारा, कोण खोटा दावा लावतोय ते दिवसभर हुडकणारा आणि घरी आल्यावर सोफ्यावर पाण्याच्या पिशवीसारखा पसरणारा हा माणूस तेवढ्यापुरता जिवंत दिसायचा.

हसून सोडून दिलं असतं तिनं. बायका केस काळे करतात, पुरुष टायर घासतात. पण त्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टर आला. दातांचा डॉक्टर, पोराच्या या नव्या मित्रांतला सगळ्यांत वेगवान; बोलायला साखर, तिला मावशी म्हणणारा. ती पाण्याचा कॅन घ्यायला खाली उतरली तेव्हा दोघं पार्किंगमध्ये होते. चाक पुन्हा बसवलं होतं. डॉक्टर उकिडवा बसून रुग्णाच्या हिरड्या चाचपाव्यात तसा अंगठा टायरच्या कडेवरून फिरवत होता. पार्किंगमधला दिवा मिणमिणता, आणि डॉक्टरची नजर मित्राची. दोन्हींमुळे तिला दिसलं ते त्याला दिसलं नाही. "अरे, तू तर पार कडेपर्यंत गेलायस. आणि मधल्या गटात काय करतोस? मावशी, तुमचा मुलगा छुपा रुस्तम आहे हो." मग पोराच्या पाठीत थाप. "रविवारी माझ्या वेगवान गटात ये. मी बोलतो ट्रॅकवाल्यांशी." पोरगा एका बाजूनं हसला. तो नाही म्हणेल म्हणून ती कॅन हातात धरून थांबली. तो म्हणाला, "बघू." पण ते बघू होकाराच्याच घरातलं होतं. तिच्या जिभेवर शब्द आला होता. ही जीभ कुणाच्या बापाला न भ्यालेली, हिनं सासूला, घरमालकाला, कापडाच्या एजंटाला पाणी पाजलेलं. ती आतच राहिली. का राहिली हे तिला तेव्हा कळलं आणि ते तिला आवडलं नाही. कुणीतरी तिच्या तोंडावर तिच्या पोराचं कौतुक करत होतं, आणि खोटं आहे हे पक्कं ठाऊक असताना ते तिला गोड लागलं होतं.

शनिवारी तो म्हणाला, "तू पण चल ना उद्या. कधी आली नाहीस." इतक्या वर्षांत कुठंही चल न म्हणणारा. सुनेची दवाखान्यात ड्यूटी होती. आईनं वरवर नाक मुरडलं, तुमच्या त्या धुरात मी काय करू म्हणाली, आणि रात्री कपाटातून ठेवणीतली निळी साडी काढून ठेवली. सकाळी भाड्याच्या टेम्पोत मागे मोटरसायकल पट्ट्यांनी आवळलेली आणि पुढे ही दोघं. गाव मागे पडलं, गोदामं मागे पडली. तो बोलतच होता. आज हवा गार आहे, मऊ रबराचं टायर हवं होतं. मऊ रबर लवकर चिकटतं पण लवकर संपतं, कडक टिकतं पण गरम व्हायला वेळ घेतं. "मग तुझं कुठलं?" "मधलं." "आणि बसलायस वरच्या गटात." त्यानं वायपर उगाच एकदा फिरवला. मग म्हणाला, "तुझी ती शिवणाची डबी घेतलीस ना? सूटची कमरेची चेन जरा अडकते." तिला राग आला. चामड्याचा तो सूट अंगरखा आणि विजार असा दोन भागांचा, कमरेशी चेननं जोडायचा. मूळची चेन गेल्या महिन्यात मोडली, तेव्हा पिशव्या शिवायच्या जड मशिनवर, मेण लावलेल्या दोऱ्यानं, बोटाचं नख जाईपर्यंत तिनंच नवी बसवली होती. "माझी चेन अडकत नाही." "असू दे गं, बरोबर असलेली बरी." डबी तिच्या पिशवीत होतीच. ती नसते असं कधी झालंय.

ट्रॅक म्हणजे तिला काय काय वाटलं होतं. प्रत्यक्षात तो गवतात टाकून दिलेल्या गोफासारखा एक रस्ता होता, कुठून कुठंच न जाणारा. माणसं पहाटे उठून, एवढा खर्च करून, जिथून निघतात तिथंच परत यायला आलेली. एका बाजूला शटर नसलेल्या गाळ्यांची ओळ, प्रत्येक गाळ्यात दोन-तीन मोटरसायकली, आणि टायरांना विजेवर गरम होणारी पांघरुणं गुंडाळलेली. तिनं ती हातानं चाचपून पाहिली. उबदार होती. तिच्या गुडघ्यांना असलं काही कुणी आणून दिलं नव्हतं. वाकडेतिकडे चालणारे चामड्यातले पुरुष इकडून तिकडे जात होते. डॉक्टर, कारकून, कुणी मास्तर, सगळे कासवासारखे. तिनं एकेकाचे गुडघे बघितले. गुडघ्यावर प्लास्टिकच्या चकत्या असतात, वळणावर जमिनीला टेकायला. डॉक्टरच्या चकत्या तासल्यासारख्या झिजल्या होत्या, एक बाजू पार उतरलेली. तिच्या पोराच्या चकत्यांवर दुकानातली चमक होती. काचपेपर तिथवर पोचला नव्हता. खोटं बोलणारा एक टाका नेहमी विसरतो. एक शिट्टीवाला गटांची नावं घेत होता. सावकाश जाणाऱ्यांना हिरवी चिकटपट्टी, मधल्यांना पिवळी, वेगवानांना लाल. पोराच्या हेल्मेटवर लाल लागली. लावताना त्यानं इतकी काळजी घेतली, कोपरे अंगठ्यानं असे दाबले की तिला वाटलं, आता सांगेल, आता म्हणेल चुकलं. शिट्टीवाला फाटकाशी प्रत्येकाची कंबर धरून ओढून बघत होता, अंगरखा आणि विजार नीट जोडली आहे का. चेन उघडी असेल तर आत सोडत नाहीत, घसरलं तर पाठ सोलून निघते. तिच्या चेनला त्यानं दोन हिसके दिले आणि मान हलवली. तिला बरं वाटलं. मग लगेच वाटलं, कशाचं बरं वाटतंय मला.

कुंपणाला धरून ती उभी राहिली. लाल गट सुटला. आवाज छातीत घुसत होता, मशिनच्या पट्ट्याचा असतो तसा नव्हे, कपडा उभा फाडावा तसा. पहिल्या वळणावर डॉक्टर इतका झुकला की त्याचा गुडघा खडूसारखा रस्त्यावर ओढला गेला. त्याच्यामागे एक, दोन, सगळे तसेच, जणू एकाच दोरीला बांधलेले. आणि मग तिचा. तिचा वळणाला आला तेव्हा सरळ बसलेला होता, मान वाकडी करून, बसमध्ये धक्का लागू नये म्हणून उभा राहणाऱ्या माणसासारखा. मागून दोघं आले आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले, इतक्या जवळून की तिच्या हातात कुंपणाची तार रुतली. त्याची मोटरसायकल मधेच थरथरली. पुढच्या फेरीला तो आत वळला, गाळ्यात आला, हेल्मेट काढलं. कपाळाला केस चिकटलेले, ओठ पांढरे. आणि म्हणाला काय, तर, "पुढचं सस्पेन्शन फार कडक आहे रे. नाचतंय." नाचता येईना अंगण वाकडं हे तिनं ऐकलं होतं, पण पाने घेऊन माणसं खरोखर अंगण सरळ करायला येतात हे ती पहिल्यांदा पाहत होती. डॉक्टर आला, एक लांबुळका इंजिनिअर आला, कुणीतरी हवा मोजायचं मीटर घेऊन आला. सगळे गुडघे टेकून त्याच्या मोटरसायकलभोवती. स्प्रिंग दोन टिक मऊ करून बघ. अरे नाही, मागचं आधी. हवा दोनानं उतरव. ते इतके मनापासून करत होते, आपल्या पुढच्या फेरीची वेळ घालवून करत होते, आणि तो मधे उभा राहून गंभीर चेहऱ्यानं मान हलवत होता, हं, हं, बरोबर, तसंच वाटलं मला. तिला पुढे होऊन प्रत्येकाच्या हातातला पाना काढून घ्यावासा वाटला. ऑफिसात हाच माणूस लोकांचे खोटे दावे पकडतो. पकडत असेल, चोराच्या वाटा चोरालाच.

दुसऱ्या वेळी तो आणखी लवकर आत आला, पण स्वतःहून नव्हे. त्याच्या पुढचा एक जण वळणावर घसरला होता. तिनं पाहिलं ते असं की एक लाल सूट मोटरसायकलपासून सुटला, पाठीवर निजला आणि खूप वेळ, अगदी आळसावल्यासारखा, घसरत गेला आणि खडीत थांबला. झेंडे हलले, सगळे थांबले. तो माणूस उठून चालत आला, हसत होता, आणि त्याच्या कोपराचं चामडं आतल्या अस्तरापर्यंत गेलं होतं. तिनं त्याला जवळ बोलावून शिवण बघितली. शिवणीनं जीव धरला होता. बोट घालून तिनं ते भोक चाचपलं. इतका वेळ ती रागावली होती. रागानं माणूस उभं राहतं. आता तिला खरं ते दिसलं. हा मुलगा त्या टोळक्यात आणखी एकदा गेला तर घाबरून जिथं दाबू नये तिथं ब्रेक दाबेल, आणि मागचा त्याच्या अंगावरून जाईल. आणि तिनं इथं तोंड उघडलं, काचपेपर असा शब्द जरी काढला, तर या माणसांत तो पुन्हा उभा राहू शकणार नाही. आणि ही माणसं गेली की मग सोफा, पाण्याची पिशवी, गप्प बसलेली सून. कात्रीच्या दोन पात्यांमध्ये ती बसली होती, आणि कात्री तिची नव्हती. तिकडे गाळ्यात चिरंजीव सांगत होते, "टायरच पकडत नाहीये. मधलं रबर आज चालत नाही. गारठाय ना." डॉक्टर म्हणाला, "एवढंच ना," आणि आपल्या जागेवर जाऊन स्वतःचं राखीव मागचं चाक घेऊन आला, मऊ रबराचं, पांघरुणातून काढलेलं, वाफाळतं. "हे घाल. माझं आहे, तुझ्या गाडीला बसतं." त्यानं स्वतः बसवलं. सगळे उभे राहिले. आता सस्पेन्शन मऊ होतं, हवा बरोबर होती, टायर गरम होतं. जगात कशातच खोट उरली नव्हती. पोरानं त्या चाकाकडे बघितलं तसं तिनं फक्त एकदा कुणाला बघताना पाहिलं होतं.

तेव्हा तो आठ वर्षांचा होता. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा, बायका छत्र्या घेऊन बसलेल्या. धावण्याच्या शर्यतीत याचं नाव यानंच घातलं होतं, घरी बढाई मारली होती, शेजाऱ्यांना सांगितलं होतं. रेघेवर उभं राहायच्या आधी तो तिच्याकडे आला. रडला नाही. तिच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, चड्डीची शिवण बघ ना." शिवण चांगली होती, तिचीच होती. तिनं त्याच्या मानेवरची थरथरणारी लव पाहिली, ब्लाउजच्या पिना काढतात तसा सहज डबीतला आकडा काढला, टाके उसवायचा, आणि एका झटक्यात शिवण वरपासून खालपर्यंत मोकळी केली. मग मोठ्यांदा, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा मेलं कापड, ऐन वेळी दगा दिला. नाहीतर माझा पहिला येणार होता." घरी त्यानं तिला घट्ट मिठी मारली होती. त्याबद्दल तिला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नव्हतं. आठ वर्षांच्या पोरासाठी आईनं टाके नाही उसवायचे तर कुणी. पण त्याच्या डोक्यात ते कापड राहिलं होतं. शाळेत मास्तर वाईट निघाले, नोकरीत साहेब, संसारात वेळ जुळली नाही. दर वेळी मेलं कापड.

"आई." तो टेम्पोच्या मागे आला होता. हातमोजे घातलेले, हेल्मेट कोपरात. तिकडे शिट्टी झाली होती, लाल गट फाटकाशी जमत होता. "चेन बघ ना जरा. मला वाटतं सुटतेय." आणि त्यानं तिच्याकडे पाठ केली. बेचाळीस वर्षांची रुंद पाठ, केस पांढरे व्हायला लागलेली मान, आणि त्या मानेवरची तीच लव. सगळं तिच्या ध्यानात आलं. आई तू पण चल. डबी घेतलीस ना. निळी साडी नेसून ती मुलाची बहादुरी बघायला आली नव्हती. मुलानं हत्यारांच्या पेटीत पाना टाकावा तसं तिला बरोबर टाकलं होतं. तिचे हात तिच्याआधी कामाला लागले. डबी उघडली, आकडा बोटांत आला, चेनच्या कडेच्या पहिल्या टाक्याखाली त्याचं टोक गेलं. मेण लावलेला दोरा ताणला गेला. एवढंच करायचं होतं. फाटकावर शिट्टीवाला कंबर ओढून बघेल, चेन उघडेल, तो नाही म्हणून मान हलवेल. डॉक्टर हळहळेल, काय नशीब बघ. पोरगा जिवंत घरी येईल आणि पुढच्या महिन्यात पुन्हा काचपेपर घेऊन न्हाणीघरात बसेल, आणि ती मेल्यावर, ते काही फार लांब नाही, मग कुणाकडे पाठ करून उभा राहील? त्याच्या पाठीतून थरथर आकड्यापर्यंत पोचत होती. तिनं आकडा टाक्याखालून बाहेर काढला. डबी बंद केल्याचा आवाज त्याला ऐकू गेला असावा, कारण तो वळला. गाळ्याच्या तोंडाशी डॉक्टर उभा होता, त्याला न्यायला आलेला. तिचा आवाज जन्मात कधी हळू नव्हता, आणि आजही तिनं तो हळू केला नाही.

"चेनला काही झालेलं नाही. दोरा माझा आहे, तो तुझी अब्रू राखायला तुटायचा नाही. टायर चांगलंय, हवा बरोबर आहे, आणि या भल्या माणसाचं चाक काढून फुकट त्याला राबवलंस. तू भितोस. भीत जा, मीही भिते, तुझ्यापायी सकाळपासून भितेय. पण भीती तुझी आहे, ती रबरावर ढकलू नकोस. ती लाल पट्टी काढ, हिरवी लाव, आणि या डॉक्टरला तुझ्या तोंडानं सांग की कडा तू घासल्या होत्यास. तुला जमत नसेल तर मी सांगते. पण मी सांगितलं तर न्हाणीघरापासून सुरुवात करीन."